खाडा, उचल आणि नफ्याची नीती

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. म्हाताऱ्या माणसांच्या हवाली घर करून जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा संसार फडाशेजारच्या कोपीत असतो. यात वंजारी, बंजारा, मराठा, भिल्ल आहेत, तशी आपल्या समाजातली कुटुंबेही आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातल्या कित्येक भूमिहीन घरांनी कोयता हातात घेतला, तो तिसऱ्या पिढीपर्यंत सुटलेला नाही.

याच घरांतून शिकून बाहेर पडलेली काही मुले-मुली आज पुण्या-मुंबईत एमबीए करतात. त्यांना ‘बिझनेस एथिक्स’ हा विषय असतो. त्यात बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद येतो, कान्टचा कर्तव्यवाद येतो, ॲरिस्टॉटलचे सद्गुण येतात. उदाहरणे बहुधा अमेरिकन मोटार कंपनीची किंवा बुडालेल्या बँकेची असतात. या तरुणांसाठीच आम्ही हे लिहीत आहोत. हे सिद्धांत उसाच्या फडात नेले तर ते कोणाच्या बाजूने बोलतात, हे आपण तपासले पाहिजे. कारण उद्या हेच तरुण कुठल्या तरी कंपनीत खरेदी विभागात, मनुष्यबळ विभागात, लेखापरीक्षणात बसणार आहेत आणि सह्या करणार आहेत.

आधी धंदा कसा चालतो ते पाहू. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे बाई इथे स्वतंत्र कामगार म्हणून मोजलीच जात नाही. हंगामाआधी मुकादम जोडप्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती लाखाच्या घरात असते, कधी त्याहून अधिक. मग हंगामभर ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांवरून दर ३६६ रुपयांवर गेला. एका जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरल्या, तर दोघांची मिळून कमाई ७३२ रुपये. काम पहाटे सुरू होते आणि ट्रक रात्री आला तर रात्रीही चालते. दीडशे दिवस न चुकता काम केले तरी १ लाख १० हजारांच्या आत-बाहेर. उचल फिटली तर फिटली. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर.

काम चुकले की ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी जातेच, शिवाय दंड बसतो. पाचशे रुपये हा आकडा सर्रास ऐकू येतो, काही टोळ्यांत त्याहून जास्त. आजारपण, पाळी, बाळंतपण, घरातले मरण, खाडा तो खाडाच.

आता २०१९ कडे येऊ. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्या वर्षी विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सभागृहात सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या जरा वर होते. दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी दरी वयाने भरून निघत नाही.

यात एकच कारण नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, जड मोळ्या, फडात संडास नाही, न्हाणी नाही, स्वच्छ पाणी नाही. त्यातून अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग, पोटदुखी. मग डॉक्टरने ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली की विषय संपला. त्या डॉक्टरांच्या धंद्याची नीती हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ‘पिशवी काढून टाकली’ असे सहज सांगणाऱ्या बायकांशी बोलताना एक वाक्य आम्ही एकापेक्षा जास्त कोप्यांवर ऐकले आहे: “ताई, चार दिस कोपीत बसले तर खाडा कोण भरायचा? एकदाची काढली की सुटले.”

हे अडाणीपणाचे बोलणे नाही, हा हिशोब आहे. तो कागदावर मांडून पाहा. पाळीच्या त्रासाने महिन्यात तीन दिवस ती उठू शकली नाही, तर पाच महिन्यांच्या हंगामात पंधरा दिवस. तिच्या वाट्याची रोजची निम्मी मजुरी ३६६ रुपये आणि वर ५०० दंड, म्हणजे दिवसाला ८६६. पंधरा दिवसांचे सुमारे १३ हजार. दोन हंगामांचे २६ हजार. शस्त्रक्रियेचा खर्च बायका पंचवीस-तीस हजार सांगतात, तोही पुष्कळदा उचलीतूनच. म्हणजे दोन-अडीच हंगामांत ‘गुंतवणूक’ वसूल. एमबीएच्या वर्गात याला खर्च-लाभ विश्लेषण म्हणतात आणि ते कंपनीने करायचे असते असे शिकवतात. इथे ते विश्लेषण एका तिशीतल्या बाईने केले आहे, आणि तोट्याच्या रकान्यात तिने स्वतःचे शरीर लिहिले आहे. पुढची कंबरदुखी, हाडांची झीज, अकाली म्हातारपण हे तर त्या रकान्यात आलेलेच नाही. ते तिला कोणी सांगितलेले नसते.

या साखळीत वरपासून खालपर्यंत प्रत्येकाकडे आपापला नैतिक सिद्धांत तयार असतो. तो पुस्तकातल्या नावाने सांगितला जात नाही, एवढेच.

कारखान्याच्या कार्यालयात गेलात तर उपयुक्ततावाद ऐकायला मिळतो. ‘लाखो लोकांना काम मिळते, शेतकऱ्याला भाव मिळतो, तालुक्यात शाळा-कॉलेज उभे राहिले, काहींना त्रास होतो हे खरे, पण एकूण भले पाहा.’ मिलने सांगितलेली बेरीज अशी नव्हे. त्या बेरजेत प्रत्येकाचे सुख-दुःख सारखेच मोजायचे असते, आणि इथे कोयत्याचे दुःख मोजायला कोणी बसलेलेच नाही. ज्याचा आकडा वहीत नाही त्याचे नुकसान शून्य धरून केलेली बेरीज ही लबाडी आहे, सिद्धांत नाही.

त्याखाली कराराची भाषा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, “माझ्याकडं नोटरी केलेला कागद आहे, त्यांनी राजीखुशीनं अंगठा दिलाय.” प्रत्येकाने आपापला शब्द पाळला आहे, सगळे कर्तव्यदक्ष. पण कान्टचा आग्रह शब्द पाळण्यापुरता नव्हता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे त्याच्या नीतीचे मर्म. ज्या व्यवस्थेत माणसाचे मोजमापच ‘कोयता’ या अवजाराच्या नावाने होते, तिथे वेगळा पुरावा काय द्यायचा?

आणि राजीखुशी म्हणजे काय? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात या भ्रमावर नेमके बोट ठेवले आहे. उपाशी आणि बेकार माणसाला कामासाठी हक्क सोडायला सांगितले तर तो सोडतो. सरकारने हात काढून घेतला म्हणजे स्वातंत्र्य येत नाही, मालकाची सत्ता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले की आर्थिक मजबुरी हीसुद्धा सक्तीच असते, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेले काम हे संविधानाच्या कलम २३ खाली वेठबिगारीत मोडते. आगाऊ रक्कम देऊन काम सोडण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नसेल, तर त्या नोटरीच्या कागदाला नीतीचे नाव देऊ नका.

मुकादमाला खलनायक करून आपली सुटका नाही. तो बहुधा त्याच गावचा, कधी त्याच भावकीतला, स्वतःही कर्जात असतो. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच गेलेल्या टोळ्या आहेत, त्यात ट्रॅक्टरचे हप्ते थकून देशोधडीला लागलेले छोटे वाहनमालकही आहेत. हे सगळे खाली एकमेकांना ओरबाडत राहतात, याचे कारण जोखीम वरून खाली ढकललेली आहे. नफा मात्र उलट्या दिशेने जातो.

किती वर जातो? मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या साखरेचा माग काढला. तो कोका-कोला आणि पेप्सी यांच्या पुरवठा साखळीपर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये कोका-कोलाच्याच सल्लागारांनी फडात लहान मुले ऊस तोडताना पाहिली होती आणि तसे कंपनीला लिहून दिले होते, असे त्या वृत्तात होते. म्हणजे माहिती होती. आचारसंहितेचा दस्तऐवजही होता. तरी कोणीच निर्णय घेतला नाही, कारण या साखळीची रचनाच अशी की निर्णय नेहमी दुसऱ्या कोणाचा असतो. तपासणी करणारे कारखान्याच्या गेटच्या आत यंत्रे, हेल्मेट आणि हजेरीपट पाहतात. फड गेटच्या बाहेर असतो.

मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिले होते की नियम पाळून मालकांचा नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांना हे वाक्य गैरलागू वाटेल, कारण त्यांचे मालक शेतकरी सभासद. १९५० मध्ये प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो सावकारी आणि खासगी भांडवलाविरुद्धची नैतिक चळवळ म्हणूनच. पण त्या सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही. त्याला मत नाही, लाभांश नाही, वार्षिक सभेत खुर्ची नाही. फ्रीडमनचे तत्त्व आणि आपला सहकार, फडातल्या बाईपुरते, एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

मग निकष कोणता घ्यायचा? आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो तो २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेला मुद्दा. काही उद्योगांत मालक पुरुषांऐवजी स्त्रियांना कामावर घेतो, कारण त्यात त्याचा अधिक फायदा असतो. तेव्हा निदान काही प्रमाणात तरी प्रसूती लाभाचा भार त्याने उचलणे पूर्णपणे रास्त आहे, असे ते म्हणाले होते. भाराचा मोठा भाग सरकारने उचलावा, हेही त्यांनी मान्य केले होते. किती साधा निकष! दया नाही, दान नाही. लाभ जिथे जातो तिथे जबाबदारी जाते. मधल्या कराराच्या पायऱ्या कितीही असोत. ‘एक कोयता’ या मोजमापाचा फायदा ज्याला होतो, बाईची मजुरी नवऱ्याच्या नावावर टाकून ज्याचा खर्च वाचतो, तो तिच्या पाळीचा, गरोदरपणाचा आणि आजारपणाचा देणेकरी आहे.

यापुढे जाऊन धम्माकडे पाहिले तर सम्यक आजीविका हा शब्द आपण बहुतेक वेळा फारच सोपा करून टाकतो. दारूचे दुकान नको, मटक्याचा धंदा नको, झाले. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्र, प्राणिमात्र, मांस, मद्य आणि विष. यातला दुसरा, ‘सत्तवणिज्जा’, म्हणजे जिवांचा, त्यात माणसांचाही, व्यापार. गुलामांचा बाजार आज भरत नाही, पण टोळीसकट मजुरांची बाकी एका मुकादमाकडून दुसऱ्याकडे वळती होते, तेव्हा नेमके काय विकले जाते? आणि सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. कुवतीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. आजारपण आणि सुट्टी, दोन्ही आहेत. खाडा या एका शब्दाने ही दोन्ही मोडतात.

हा निकष फक्त साखर सम्राटांना लावायचा नाही. आपल्या समाजात आता उद्योजक उभे राहत आहेत, ‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ ही हाक आपल्या कानांवर आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्यांतले बरेच जण सुरुवात कशाने करतात? मनुष्यबळ पुरवठा, सफाईची कंत्राटे, सुरक्षा रक्षक. कमी दराची निविदा भरायची आणि ती परवडावी म्हणून भविष्य निर्वाह निधी बुडवायचा, बाईला आठवड्याची सुट्टी नाकारायची, हे आपल्यातले काही जणही करतात. वर चैत्यभूमीला अन्नदानाचा स्टॉल लावतात. निविदा मिळवणाऱ्या मोठ्या कंपनीने त्यांना पिळले आहे हे मान्य. पण लाभ जिथे जातो तिथे जबाबदारी जाते, हे मग त्यांनाही लागू.

आता खर्चाचे बोलू, कारण नीतीची चर्चा ‘परवडत नाही’ या शब्दावर येऊन नेहमी संपते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि राज्य सरकारने तेवढेच द्यायचे ठरले आहे. २०२५-२६ साठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आहे. त्या एका टनातून साधारण १०२ किलो साखर निघते. कारखान्याचे १० रुपये म्हणजे किलोमागे दहा पैसे. समजा हे १० रुपये नसून १०० असते. किलोमागे एक रुपयाच्या आत. बगॅस, मळी, इथेनॉल यांचे उत्पन्न तर आम्ही धरलेच नाही. एक जोडपे हंगामात ३०० टन तोडते असे धरले, तर त्यांच्या नावावर ३० हजार रुपये जमतात. दोघांना वीस दिवसांची पगारी सुट्टी द्यायला १४ हजार ६४० लागतात. उरलेल्यात विमा, फिरते संडास, पाण्याची टाकी आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर.

एक अडचण खरी आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. हे १०० रुपये त्या खात्यावर टाकले तर भार दोन एकरवाल्या शेतकऱ्यावर जाईल आणि तो कोयत्याच्या विरोधात उभा राहील. त्यात आपलेही काही जण आहेत. म्हणून ही रक्कम तोडणी-वाहतुकीत न धरता साखर आणि उपपदार्थांच्या विक्रीतून वेगळी काढली पाहिजे, आणि मागणीपत्रात हे पहिल्याच ओळीत लिहिले पाहिजे. मघाशीच्या शीतपेयांच्या कंपन्यांकडे जायचे ते याच ओळीसाठी.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. जून-जुलैपासून उचलीचे वाटप आणि करार सुरू होतात. बीडमध्ये २०१९ नंतर गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. पण परवानगीचा नियम दवाखान्याच्या दारात लागू होतो, करारावर नाही. सभासद असलेल्या आपल्या बांधवांनी सभेत एक ठराव मांडावा: पाळी, गरोदरपण, बाळंतपण आणि आजारपण यांसाठी खाड्याचा दंड नाही, आणि ही अट कारखाना ते वाहतूकदार, वाहतूकदार ते मुकादम अशा प्रत्येक करारात लिहिलेली असेल. पुढे जाऊन ‘कोयता’ मोडून बाईच्या नावाने वेगळी नोंद, वेगळे ओळखपत्र आणि तिच्या खात्यावर वेगळी मजुरी. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्यांनी कराराचा मसुदा तयार करावा, एमबीएवाल्यांनी आम्ही वर मांडलेला हिशोब तपासून त्यातल्या चुका काढाव्यात, आणि ज्यांच्या घरी अजून कोयता आहे त्यांनी यंदाच्या हंगामात किती दिवस खाडा पडला, किती दंड कापला गेला, हे तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवावे. ती वही सभेपर्यंत हवी.